कासेतली दगडी दुधाच्या धारेतच ओळखता येते का?



दूध चांगले तापवले, विरजण कालच्याच ताज्या दह्याचे, हवाही उबदार, तरी सकाळी पाहावे तर भांड्यात दूध जसेच्या तसे. हा अनुभव आपल्यापैकी बहुतेक घरांत कधी ना कधी आलेला असतो. कधी दूध उकळताना फाटते, कधी चहा किंचित खारट लागतो. अशा वेळी पहिला संशय दूधवाल्यावर जातो: पाणी घातले असेल, पावडर घातली असेल. भेसळ होतच नाही असे मी म्हणत नाही. पण काही वेळा गोष्ट वेगळी असते. दोष भांड्यात नसतो, दूधवाल्याच्या मनातही नसतो. तो गायीच्या कासेत असतो आणि ते त्या बिचाऱ्या गवळ्यालाही ठाऊक नसते.

गायी-म्हशींच्या कासेला होणाऱ्या संसर्गाला पुस्तकात 'स्तनदाह' किंवा 'कासदाह' म्हणतात. महाराष्ट्रातल्या आपल्या नातेवाइकांच्या गोठ्यात त्याला 'दगडी' म्हणतात, कारण कास दगडासारखी कडक होते. इथे माळव्यात गवळ्याला विचारले तर तो 'थनैला' म्हणेल. नावे तीन, दुखणे एकच. आज जगभरच्या मोठ्या गोठ्यांत हे दुखणे दूध काढता काढताच, यंत्राच्या मापांवरून ओळखण्याचा प्रयत्न चालतो. ते कसे होते, त्यात किती तथ्य आहे, आणि देपालपूर-सांवेरकडे दोन-चार गुरे बाळगणाऱ्या कुटुंबाला किंवा जुन्या इंदुरात किटलीतले दूध घेणाऱ्या घराला त्याचा काय उपयोग, हे या लेखात पाहू.

दगडी म्हणजे नेमके काय?

गायीच्या कासेचे चार भाग असतात आणि प्रत्येकाला एक सड. हे चारही कप्पे आतून एकमेकांपासून वेगळे असतात. एका सडातले दूध दुसऱ्यात जात नाही. म्हणूनच एक सड आजारी आणि बाकीचे तीन ठणठणीत, असे नेहमी दिसते.

सडाच्या टोकाला एक बारीक छिद्र असते. धार काढून झाल्यावर ते लगेच पूर्ण मिटत नाही, त्याला थोडा वेळ लागतो. त्या वेळात गाय शेणामुताच्या ओल्या जमिनीवर बसली, किंवा दूध काढणाऱ्याचे हात, पुसायचे फडके, यंत्राच्या नळ्या अस्वच्छ असल्या, की जंतू आत शिरतात. काही जंतू, उदाहरणार्थ स्टॅफिलोकॉकस ऑरियस, मुख्यतः एका गायीकडून दुसरीकडे दूध काढतानाच पसरतात. काही, जसे ई. कोलाय, शेणातून आणि ओल्या गोठ्यातून येतात. पावसाळ्यात हे दुखणे वाढते ते यामुळेच.

जंतू आत गेले की गायीचे शरीर लढायला उभे राहते. रक्तातल्या पांढऱ्या पेशी कासेत धावून येतात. दुखणे जोरात असेल तर कास सुजते, लाल होते, हात लावू देत नाही, दुधात गाठी किंवा रक्त दिसते, गायीला ताप येतो. याला उघड दगडी म्हणता येईल. ती कोणालाही कळते.

खरी अडचण दुसऱ्या प्रकाराची आहे. त्यात कास मऊ असते, दूध पांढरेशुभ्र दिसते, गाय चारा खाते, रवंथ करते, पण एका सडात जंतू ठाण मांडून बसलेले असतात. ही छुपी दगडी. गोठ्यात उघड दगडीची एक गाय दिसते तेव्हा छुप्या दगडीच्या गायी त्याहून बऱ्याच जास्त असतात, असा सगळीकडचा अनुभव आहे. रोज थोडे थोडे दूध कमी होत जाते. मालक म्हणतो, "या वेताला गाय कमीच देते." महिनोन्‌महिने हे चालले तर त्या कप्प्यातली दूध तयार करणारी ऊती मरते आणि तिथे निबर गाठ उरते. तो सड मग कायमचा बंद. दोन गायींवर घर चालवणाऱ्याला एक सड जाणे म्हणजे काय, हे आकडेमोड न करताही समजते. शिवाय ती गाय गोठ्यातल्या इतर गायींना दुखणे देत राहते ते वेगळेच.

दूध खारट का होते?

यंत्र काय मोजते ते कळायला आधी दुधाची थोडी गंमत समजून घेऊ.

निरोगी कासेत रक्त आणि दूध यांच्यामध्ये पेशींची एक घट्ट भिंत असते. रक्तात मीठ, म्हणजे सोडियम आणि क्लोराइड, जास्त असते. दुधात ते कमी असते, पण दुग्धशर्करा आणि पोटॅशियम जास्त असते. भिंत शाबूत असेपर्यंत हा फरक टिकतो आणि दूध गोडसर लागते. संसर्ग झाला की भिंतीला फटी पडतात. रक्तातले मीठ दुधात झिरपते, दुग्धशर्करा आणि पोटॅशियम बाहेर निसटतात, आणि दुग्धशर्करा तयार होणेही मंदावते. दूध खारट होते. जुन्या जाणत्या बायका धारेचा थेंब जिभेवर ठेवून "या सडाचं दूध खारं लागतंय" म्हणत, त्यामागचे कारण हेच. (आज कच्चे दूध चाखून पाहू नये. त्यातून माणसाला दुसरे आजार होऊ शकतात.)

मिठाच्या पाण्यातून वीज सहज वाहते हे आपण शाळेत शिकलो. तोच नियम इथे. खारट झालेल्या दुधातून वीज अधिक सहज जाते. या गुणाला विद्युतवाहकता म्हणतात. निरोगी गायीच्या दुधाची वाहकता साधारण ४ ते ५.५ मिलिसीमेन्स प्रति सेंटिमीटर असते. संसर्ग झाला की ती वाढते. म्हणजे आजीच्या जिभेचे काम दोन छोटे इलेक्ट्रोड करतात. न थकता, प्रत्येक धारेला, आणि आकड्यात.

यंत्र आणखी काय काय पाहते?

नेदरलँड्समध्ये १९९२ साली दूध काढणारा पहिला यंत्रमानव शेतकऱ्याच्या गोठ्यात व्यावसायिक कामाला लागला. त्यात गाय आपण होऊन यंत्रात येते, यंत्राचा हात सड धुतो, कप लावतो आणि दूध काढतो. पण एक प्रश्न उभा राहिला. हाताने धार काढणारा माणूस पहिली धार पाहतो, कासेला हात लावतो, गायीचा चेहरा ओळखतो. यंत्रात ते माणसाचे डोळे नाहीत, मग आजारी गाय ओळखायची कोणी? त्यामुळे दुधाची आपोआप मापे घेण्याला मोठी चालना मिळाली. आज अशा यंत्रांत मुख्यतः पुढील गोष्टी मोजल्या जातात.

पहिली, वर सांगितलेली विद्युतवाहकता. ही सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात रुळलेली.

दुसरी, दुधाचे प्रमाण. गायीने रोजच्यापेक्षा अचानक कमी दूध दिले, तेही एकाच सडातून, तर ती खूण असते.

तिसरी, दुधाचा रंग. त्यावर प्रकाश टाकून रक्ताची लाली किंवा पाणचटपणा ओळखतात.

चौथी, दुधातल्या पेशींची संख्या, जिला सोमॅटिक सेल काउंट म्हणतात. या पेशी म्हणजे जंतू नव्हेत. त्यांत मुख्यतः जंतूंशी लढायला आलेल्या पांढऱ्या पेशी असतात. निरोगी सडाच्या एक मिलिलिटर दुधात त्या एक लाखाच्या आत असतात. दोन लाखांच्या वर गेल्या की संसर्ग असावा, असे साधारणपणे जगभर मानतात. युरोपात गोठ्याच्या एकत्र दुधाला ४ लाखांची कायदेशीर मर्यादा आहे, अमेरिकेत ७.५ लाखांची. पूर्वी हे मोजायला नमुना प्रयोगशाळेत पाठवावा लागे. आता दूध काढता काढताच मोजणारी यंत्रे मोठ्या गोठ्यांत आहेत.

पाचवी, काही विकरे, म्हणजे एन्झाइम. पेशी फुटल्या की लॅक्टेट डिहायड्रोजिनेज नावाचे विकर दुधात वाढते. डेन्मार्कमध्ये विकसित झालेली एक यंत्रणा दूध काढत असतानाच ठराविक गायींचे थेंबभर दूध घेऊन हे विकर तपासते. गाय माजावर आहे का, तिला चारा पुरतो का, हेही ती त्याच दुधावरून सांगते.

यातले कोणतेही एक माप पुरेसे नाही. अलीकडच्या यंत्रणा तीन-चार मापे एकत्र करून, प्रत्येक गायीच्या मागच्या काही दिवसांच्या नोंदींशी ताडून मग इशारा देतात. डॉक्टरही रोग्याला पाहताना एकट्या तापावरून निदान करत नाहीत, तसेच हे.

चार सडांची बेरीज आणि लपलेला आजार

इथे एक साधे गणित मांडतो. आकडे समजण्यासाठी घेतलेले आहेत.

एका गायीच्या तीन सडांच्या दुधाची वाहकता ४.५ आहे आणि चौथ्या, आजारी सडाची ६.५. चारही सडांतून सारखेच दूध येते असे धरले, तर एकत्र दुधाची सरासरी होते ५.०. म्हणजे निरोगी गायीच्या मर्यादेत. चारही सडांचे दूध एकाच नळीत गोळा करून मापणारे यंत्र या गायीला निरोगी ठरवील. तेच प्रत्येक सड वेगळा मापला तर चौथा सड बाकीच्यांपेक्षा ४० टक्क्यांहून जास्त वेगळा दिसतो. लपायला जागाच उरत नाही. म्हणून चांगली यंत्रे 'आकडा किती' एवढेच पाहत नाहीत. 'हा सड त्याच गायीच्या इतर तीन सडांपेक्षा किती वेगळा' हेही पाहतात. बाकीचे तीन सड हीच त्या सडाची फूटपट्टी.

आता हाच हिशेब गोठ्याला लावू. दहा गायी, सारखे दूध. नऊ गायींच्या दुधात मिलिलिटरमागे एक लाख पेशी, दहावीच्या दुधात वीस लाख. कॅनमधल्या एकत्र दुधात पेशी होतात २ लाख ९० हजार. युरोपच्या ४ लाखांच्या मर्यादेतसुद्धा हे दूध बिनबोभाट पास होईल, आणि दहावी गाय उपचाराविना राहील.

आपल्याकडच्या गावातल्या दूध संकलन केंद्राची मर्यादा इथे लक्षात येते. माळव्यात सांची दूध घेणाऱ्या सहकारी संस्था असोत की खासगी डेअऱ्या, केंद्रावर आता यंत्र असते. वजन, फॅट, एसएनएफ मोजले जाते आणि पैशाची पावती छापून मिळते. ही मोठी सोय आहे, पण तिचा हेतू दर ठरवणे हा आहे. तिथे येते ते एका घरच्या सगळ्या गुरांचे, चारही सडांचे, एकत्र केलेले दूध. दगडीमुळे एसएनएफ किंचित घटू शकते, तरी ते चाऱ्यामुळेही घटते आणि पाण्यामुळेही. पावती पाहून 'गाय क्रमांक दोन, मागचा डावा सड' हे कळणे शक्य नाही.

यंत्र चुकते तेव्हा

यंत्राचे कौतुक करताना ते कुठे चुकते हेही सांगायला हवे.

दूध गरम असेल तर वाहकता वाढते, म्हणून तापमानाचा हिशेब धरावा लागतो. स्निग्धांशातून वीज जात नाही, म्हणून जास्त फॅटच्या दुधाची वाहकता कमी दिसते. म्हशीच्या दुधात फॅट गायीपेक्षा बरेच जास्त. गायीसाठी ठरवलेला आकडा म्हशीला तसाच लावला तर आजारी म्हैस निरोगी ठरू शकते. गाय नुकतीच व्यालेली आहे की आटत आली आहे, माजावर आहे का, शेवटची धार कधी काढली, या सगळ्यांचा आकड्यावर परिणाम होतो. आणि एखाद्या जंतूचा संसर्ग इतका मंद असतो की वाहकता हलतही नाही.

दुसरी अडचण खोट्या इशाऱ्यांची. समजा गोठ्यात १०० गायी आहेत, दिवसातून दोनदा दूध काढतात, म्हणजे रोज २०० वेळा मापन होते. त्यांपैकी दोन वेळा गाय खरोखर आजारी आहे. यंत्र निरोगी गायीबाबत १०० पैकी ९५ वेळा बरोबर सांगते. ऐकायला उत्तम. पण उरलेल्या १९८ मापनांत ५ टक्के चुका म्हणजे रोज सुमारे १० खोटे इशारे. बारा इशाऱ्यांत फार तर दोन खरे. आठवडाभर धावपळ केल्यावर गोठ्यातला माणूस यंत्राकडे लक्ष देणे सोडतो, आणि नेमका त्या दिवशी खरा इशारा येतो. लांडगा आला रे आला, तसे. म्हणून अशा यंत्रांकडून निरोगी गायीबाबत १०० पैकी ९९ वेळा बरोबर असण्याची अपेक्षा धरतात. तेव्हा खोटे इशारे रोज दोनवर येतात.

म्हणून एक गोष्ट पक्की धरावी. यंत्राचा इशारा म्हणजे निदान नव्हे. 'या गायीकडे आज जरा नीट पाहा' एवढेच यंत्र सांगते. पुढचे काम माणसाचे.

आपल्या मराठी मुलखातली उदाहरणे

हे सगळे परदेशातच चालते असे नाही. पुण्याच्या बाकरवडीमुळे चितळे हे नाव इंदुरातही घरोघरी माहीत आहे. त्या घराण्याची मूळ डेअरी सांगली जिल्ह्यात कृष्णाकाठच्या भिलवडीला, १९३९ साली भास्कर गणेश चितळे यांनी सुरू केलेली. याच डेअरीने शेतकऱ्यांच्या जनावरांच्या कानात इलेक्ट्रॉनिक बिल्ले लावून प्रत्येक जनावराची नोंद संगणकावर ठेवण्याचे आणि मालकाला मोबाइलवर संदेश पाठवण्याचे काम हाती घेतले. त्याची वाखाणणी बाहेरच्या देशांतही झाली. ही नोंद फक्त दगडीसाठी नाही. पण यंत्राने दगडी ओळखायची तर पहिली पायरी हीच: प्रत्येक जनावराची स्वतंत्र ओळख आणि त्याचा स्वतःचा इतिहास. कालचा आकडाच नसेल तर आजचा जास्त की कमी, हे कसे कळणार?

पुणे जिल्ह्यात मंचरला पराग मिल्कच्या भाग्यलक्ष्मी फार्मवर होल्स्टीन जातीच्या गायींचे दूध गोल फिरणाऱ्या मंचावर यंत्राने काढतात. माणसाचा हात न लागता ते बाटलीत भरून २०११ पासून मुंबई-पुण्यात घरपोच जाते. अशा ठिकाणी गायी हजारांच्या घरात असतात. एकेका गायीच्या कासेला रोज हात लावून पाहणे माणसाला अशक्य, म्हणून तिथे मापांचा आधार घ्यावाच लागतो.

पण भिलवडी आणि मंचर म्हणजे आपला सर्वसाधारण गोठा नव्हे. आपल्याकडचे बहुतेक दूध येते दोन, चार, सहा जनावरे बाळगणाऱ्या घरांतून. त्यांनी लाखोंचे यंत्र घ्यावे असे कोणी म्हणणार नाही.

मग छोट्या गोठ्याने काय करावे?

समाधानाची गोष्ट ही की यंत्रामागचे तत्त्व स्वस्तातही वापरता येते. शेती आणि गुरे असलेल्या सभासदांसाठी हे मुद्दाम सविस्तर लिहितो.

*चार वाट्यांची चाचणी.* १९५७ साली कॅलिफोर्नियात शाल्म आणि नूरलँडर यांनी एक साधी चाचणी शोधली. तिला सीएमटी म्हणतात. चार वाट्यांच्या थाळीत चार सडांचे थोडे थोडे दूध वेगवेगळे घ्यायचे, तेवढेच द्रावण घालायचे आणि थाळी गोल फिरवायची. दुधात पेशी जास्त असतील तर द्रावणाने त्या फुटतात, त्यांतला डीएनए बाहेर येतो आणि दूध जेलीसारखे चिकट होते. निरोगी सडाचे दूध पातळच राहते. चाचणी दहा-पंधरा सेकंदांची. तयार द्रावण नसेल तर कपडे धुण्याच्या पावडरीचे सुमारे ३ टक्के द्रावण, म्हणजे एक लिटर पाण्यात ३० ग्रॅम, वापरूनही अंदाज येतो. चाचणीचे दूध अर्थातच फेकून द्यायचे. महिन्यातून एकदा, आणि व्याल्यावर आठवड्याभराने, ही चाचणी करावी. चिकाच्या दिवसांत करू नये, तेव्हा पेशी तशाही जास्त असतात.

*हातातला मीटर.* वाहकता मोजणारे छोटे मीटर मिळतात. चार वाट्यांत चार सडांच्या पहिल्या धारा घ्यायच्या आणि चार आकडे पाहायचे. आकडा किती यापेक्षा चौघांत कोण वेगळा, हे महत्त्वाचे. चार-पाच घरांनी किंवा गावच्या संस्थेने मिळून एक मीटर घेतला तरी चालतो.

*वही.* प्रत्येक जनावराच्या कानात आता शासनाचा १२ अंकी पिवळा बिल्ला असतो. त्या क्रमांकाने एक पान उघडावे आणि सकाळ-संध्याकाळचे दूध लिहावे. घरातले शाळकरी मूलही हे करू शकते. दोन दिवसांत अचानक घट झाली की थाळी काढायची. महागड्या यंत्रातला संगणक तरी दुसरे काय करतो?

*पहिली धार काळ्या कापडावर.* दोन धारा काळ्या फडक्यावर किंवा काळ्या वाटीत काढाव्यात. गाठी पांढऱ्यावर दिसत नाहीत, काळ्यावर दिसतात. जमिनीवर मात्र काढू नये, जंतू पसरतात.

आणि दुखणे होऊच नये म्हणून:

- अंगठा मुडपून धार काढण्याची सवय सोडावी. त्याने सडाला आतून इजा होते. पूर्ण मुठीने काढावी.
- धार काढून झाल्यावर सड आयोडीनच्या द्रावणात बुडवावेत.
- त्यानंतर गायीला चारा टाकावा, म्हणजे ती अर्धा तास तरी उभी राहते आणि सडाचे छिद्र मिटायला वेळ मिळतो.
- आजारी गायीचे दूध सर्वांत शेवटी काढावे. प्रत्येक गायीला वेगळे फडके वापरावे.
- गाय आटवताना पशुवैद्याचा सल्ला घ्यावा. जुना संसर्ग मोडण्याची ती चांगली वेळ असते.

राष्ट्रीय दुग्धविकास मंडळानेही गावपातळीवर सीएमटीने दूध तपासून छुपी दगडी शोधण्याचा कार्यक्रम चालवला आहे. मंडळ सुरुवातीच्या दगडीसाठी एक देशी लेपही सांगते: २५० ग्रॅम कोरफड, ५० ग्रॅम हळद आणि १५ ग्रॅम चुना एकत्र वाटून, पातळ करून, धुतलेल्या कासेला दिवसातून अनेकदा लावायचा. पण ताप असेल, दुधात रक्त असेल, गाय बसून राहिली असेल, तर लेपावर वेळ घालवू नये, पशुवैद्याला बोलवावे. आपले भाग्य असे की महूचे पशुवैद्यकीय महाविद्यालय १९५५ पासून इंदूरच्या हाकेच्या अंतरावर आहे.

आपल्या पेल्यापर्यंत

आता ज्यांच्या घरी गाय नाही, फक्त दुधाची पिशवी किंवा किटली येते, त्यांनी हे का वाचावे?

दगडी उशिरा कळली की उपचार जोरात करावा लागतो. मग प्रतिजैविकांची, म्हणजे अँटिबायोटिकची, ट्यूब सडात सोडली जाते. पुष्कळदा पशुवैद्याला न विचारता, दुकानातून आणून. औषध दिल्यावर ठराविक दिवस त्या गायीचे दूध विकायचे नसते, ते दिवस औषधाच्या वेष्टनावर लिहिलेले असतात. पण दोन गायींच्या घराला पाच दिवसांचे दूध ओतून देणे परवडत नाही. ते दूध किटलीत जाते. उकळल्याने जंतू मरतात, औषधाचा अंश मात्र पूर्ण जात नाही. हाच अंश विरजणातल्या उपयोगी जंतूंना मारतो. सुरुवातीला सांगितलेले न लागलेले दही आठवा. दही न लागण्याची कारणे आणखीही असतात, थंडी, जुने विरजण. पण वारंवार तसे होत असेल तर हे एक कारण ध्यानात ठेवावे.

ही भीती मनची नाही. केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१८ मध्ये देशभरातून दुधाचे ६,४३२ नमुने तपासले. बहुतेक दूध पिण्यास सुरक्षित निघाले, हे आधी सांगायला हवे. ७७ नमुन्यांत प्रतिजैविकांचा अंश मर्यादेपेक्षा जास्त आढळला. त्यांत सर्वांत जास्त, २३ नमुने, आपल्या मध्य प्रदेशातले होते. दुसरा क्रमांक महाराष्ट्राचा. आपली दोन्ही घरे, राहते आणि माहेरचे, या यादीत वर आहेत. असा अंश थोडा थोडा पोटात जात राहिला तर जंतू औषधांना सरावतात, आणि उद्या आपल्या नातवंडाला खरी गरज पडेल तेव्हा तेच औषध चालत नाही. म्हणून छुपी दगडी लवकर कळणे हा गायीइतकाच आपलाही प्रश्न आहे. लवकर कळली तर पुष्कळदा स्वच्छता आणि वारंवार धार काढणे यानेच निभावते. औषध लागलेच तर थोडक्यात भागते.

इंदूर २०१७ पासून देशातले सर्वांत स्वच्छ शहर ठरत आले. त्या मोहिमेत गोठे शहराबाहेर गेले. शहरासाठी ते बरेच झाले, पण गाय आपल्या नजरेआड गेली. पूर्वी गोठा गल्लीच्या टोकाला होता, कास सुजलेली गाय येता-जाता दिसत असे. आता आपल्याला फक्त दूध दिसते. म्हणून आपण निदान विचारायला तरी हवे. दूधवाल्याला दरडावून नको. "काका, गायींची थनैलाची तपासणी कधी केली होती? औषध चालू असलेल्या गायीचं दूध वेगळं ठेवता ना?" असे घरच्यासारखे विचारावे. आणि तो प्रामाणिकपणे म्हणाला की "आज एका गायीला औषध दिलंय, चार दिवस एक लिटर कमी येईल," तर कुरकुर न करता चालवून घ्यावे. जमले तर त्या चार दिवसांचे पैसेही कापू नयेत. त्याच्या खरेपणाची किंमत आपण दिली नाही, तर पुढच्या वेळी तो सांगणार नाही.

यंत्र धारेतला खारटपणा मोजू शकते. तो आकडा पाहून एका सडाचे दूध बाजूला ठेवायचे की नाही, हे मात्र गोठ्यातला माणूस ठरवतो, आणि त्याला ते परवडावे की नाही हे थोडेफार आपल्या हातात असते.

ज्या सभासदांकडे गुरे आहेत त्यांनी या महिन्यात एकदा चार वाट्यांची चाचणी जरूर करून पाहावी आणि काय आढळले ते पुढच्या बैठकीत सांगावे. बाकीच्यांनाही ऐकायला आवडेल.